तापाने फणफणलेला बेटांचा प्रवासी

१८६० सालचा जून महिना. न्यू गिनीच्या पश्चिमेला, विषुववृत्ताच्या आसपास, ओसाड बेटांच्या एका पुंजक्याजवळ एक छोटी शिडाची होडी अडचणीत सापडली होती. वारा उलटा, प्रवाहाची ओढ जबर आणि नांगर तळाला धरत नव्हता. होडीच्या मालकाने दोघांना एका लहानशा बेटावर पाठवले. जंगलातल्या चिवट वेली तोडून आणायच्या आणि त्यांच्या दोरांनी होडी किनाऱ्याला बांधायची, असा बेत होता. दोघे झाडीत शिरले आणि इकडे होडी सुटली. प्रवाहाने तिला खोल पाण्यात ओढले आणि समोरच्या बेटाकडे रेटत नेले. हाका मारून उपयोग झाला नाही.

मालक समोरच्या बेटापाशी दोन-तीन दिवस थांबला. मागे राहिलेल्या दोघांना होडी दिसत होती, पण त्या ओढीत पोहत येणे म्हणजे खुल्या समुद्रात वाहून जाणे. होडीलाही उलट्या वाऱ्यात परत फिरता येईना. अखेर त्यांना तिथेच सोडून पुढे जावे लागले. होडीच्या मालकाचे नाव होते आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्याचे वय तेव्हा ३७ वर्षांचे होते. सजीवांच्या उत्क्रांतीचे कोडे उलगडणाऱ्या दोघांपैकी तो एक, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच विचार होता. ती दोन माणसे वाचवायची कशी?

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधल्या अस्क गावाजवळ झाला. घर मोठे, मिळकत तोकडी आणि वडिलांचा पैसा एकेका फसलेल्या व्यवहारात गेलेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. थोरल्या भावाच्या हाताखाली तो जमीनमोजणीचे काम शिकला. साखळी घेऊन रानोमाळ हिंडताना त्याला झाडाझुडपांची नावे जाणून घेण्याचा नाद लागला. कॉलेज नाही, पदवी नाही, ओळखीपाळखी नाहीत. पुढे लेस्टरच्या एका शाळेत शिकवत असताना त्याची हेन्री बेट्स या तरुणाशी गाठ पडली. बेट्सला भुंगेरे जमवण्याचे वेड होते. गावाच्या आसपास काही मैलांत भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती सापडतात, हे बेट्सकडून कळल्यावर वॉलेस थक्क झाला. इतक्या जाती आल्या कुठून, हा प्रश्न तेव्हापासून त्याचा पिच्छा सोडीना.

१८४८ मध्ये दोघे मित्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. पक्षी, फुलपाखरे, भुंगेरे पकडायचे, जपून सुकवायचे, लंडनच्या दलालामार्फत विकायचे आणि त्यावर पुढचा प्रवास करायचा, असा हिशेब होता. पुढच्या वर्षी वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट त्यांना येऊन मिळाला. १८५१ मध्ये मायदेशी परतण्यासाठी तो पारा बंदरात आला आणि तिथेच पीतज्वराने दगावला. वॉलेस तेव्हा शेकडो मैल दूर, आतल्या भागात होता. पीतज्वर डासामुळे पसरतो, हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. तोवर दूषित हवेला दोष देण्यापलीकडे कुणाच्या हाती काही नव्हते.

१८५२ मध्ये वॉलेस परतीच्या वाटेवर असताना त्याच्या जहाजाला भर अटलांटिकमध्ये आग लागली. काही वर्षांचा संग्रह डोळ्यांदेखत जळाला. दहा दिवस उघड्या होड्यांमध्ये काढल्यावर एका जहाजाने सगळ्यांना उचलले. हाती उरल्या त्या थोड्या चित्रांच्या आणि नोंदींच्या वह्या, शिवाय दलालाने दूरदृष्टीने उतरवलेल्या विम्याची थोडी रक्कम. एखाद्याने पुन्हा समुद्राचे तोंड पाहिले नसते. वॉलेस मात्र दोन वर्षांच्या आत पुन्हा निघाला.

२० एप्रिल १८५४ रोजी तो सिंगापूरला उतरला. सोबत चार्ल्स ॲलन हा पोरसवदा मदतनीस होता. पुढची आठ वर्षे वॉलेस मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया, इंडोनेशिया आणि न्यू गिनीच्या बेटांमध्ये भटकत राहिला. बोर्निओतल्या सारावाकमध्ये त्याला अली नावाचा मलाय मुलगा भेटला. तो स्वयंपाकी म्हणून लागला. पण होडी हाकण्यात तो तरबेज होता आणि पाहता पाहता बंदूक चालवायला, पक्ष्याचे कातडे अलगद सोलून जपायलाही शिकला. वॉलेस तापाने आडवा झाला की अली त्याची शुश्रूषा करी, आणि अली आजारी पडला की वॉलेस त्याची. साहेब आणि नोकर या नात्याच्या पलीकडे जाणारी ती सोबत होती.

बेटे म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेल्या प्रयोगशाळा, हे वॉलेसच्या हळूहळू लक्षात येत गेले. मुख्य भूमीवर प्राणी एकमेकांत मिसळतात. बेटावर ते अडकून पडतात आणि पिढ्यान् पिढ्या आपल्या वाटेने बदलत जातात. म्हणून कोणता पक्षी कोणत्या बेटावर मिळाला याची चिठ्ठी तो प्रत्येक नमुन्याला न चुकता बांधी. त्या काळी बहुतेक संग्राहक एवढी तसदी घेत नसत.

१८५६ मध्ये बाली बेटावरून लोंबोकला गेल्यावर या सवयीचे मोल कळले. मधली सामुद्रधुनी जेमतेम २० ते ४० किलोमीटर रुंद. दोन्हीकडे तेच हवामान, तसेच ज्वालामुखी. तरी बालीत दिसणारे तांबट आणि सुतार पक्षी लोंबोकमध्ये गायब, आणि तिथे ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा ओरडताहेत! वॉलेसने ओळखले की आशियाचे आणि ऑस्ट्रेलियाचे प्राणीजगत इथे एकमेकांना भिडते, पण मिसळत नाही. कारण समुद्राच्या तळाशी आहे. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली तेव्हा बाली, जावा, सुमात्रा आणि बोर्निओ आशियाला जमिनीने जोडलेले होते. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र इतकी खोल आहे की ती तेव्हाही पाण्याने भरलेलीच राहिली. नकाशावरच्या या सीमेला आजही वॉलेस रेषा म्हणतात.

जानेवारी १८५८ मध्ये तो टर्नाटे या बेटावर पोहोचला. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याचे गाव, रुंदी दहा-बारा किलोमीटर. लवंगेचे मूळ घर असलेल्या मोलुक्का बेटांपैकी हे एक. इथे त्याने एक जुने घर भाड्याने घेतले. अंगणात फळझाडे, जवळ बाजार आणि खोल विहिरीचे थंडगार स्वच्छ पाणी. पुढची तीन वर्षे दूरच्या बेटांवरून खंगून परतायचे आणि इथे विसावा घेऊन प्रकृती सुधारायची, असा त्याचा क्रम राहिला. उष्ण प्रदेशात चांगले पाणी म्हणजे अर्धे औषध, हे त्याने स्वतःच्या पोटावर अनुभवले होते.

त्या फेब्रुवारीत तो समोरच्या हल्माहेरा बेटावर होडीने जाऊन राहिला आणि हिवतापाने पडला. टर्नाटे की हल्माहेरा यावर अभ्यासकांमध्ये चर्चा होत असली, तरी बहुतेकांच्या मते ताप आला तो हल्माहेरावरच्या दोडिंगा गावात. बाहेर तापमापक ८८ अंश फॅरेनहाइट दाखवत होता आणि हा घोंगडी लपेटून कुडकुडत होता. आधी थंडी, मग अंगाची लाही, मग घाम. रोज काही तास पडून राहण्यावाचून गत्यंतर नसे.

हे असे का होते, याचे उत्तर आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ॲनोफिलिस डासाची मादी चावताना हिवतापाचे परजीवी रक्तात सोडते. ते आधी यकृतात वाढतात, मग रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये शिरतात. ठराविक काळाने असंख्य पेशी एकदम फुटतात आणि नव्या परजीवींबरोबर त्यांची घाण रक्तात उतरते. हुडहुडी भरते ती त्याच वेळी. वॉलेसला यातले काहीच माहीत नव्हते. परजीवी पहिल्यांदा दिसला तो लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरला, १८८० मध्ये. डासाच्या पोटात तो शोधला रोनाल्ड रॉसने, १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादेत. वॉलेसकडे होते ते फक्त सिंकोनाच्या सालीपासून काढलेले क्विनीन. ते लागू पडते एवढे माहीत होते. का लागू पडते, ते नव्हते.

अंथरुणात पडल्या पडल्या त्याला अर्थशास्त्रज्ञ माल्थसचे पुस्तक आठवले. साथी, दुष्काळ आणि युद्धे माणसांची संख्या रोखून धरतात, असे त्यात मांडले होते. वॉलेसने तो विचार प्राण्यांना लावून पाहिला. प्राण्यांना माणसांपेक्षा कितीतरी अधिक पिल्ले होतात, तरी पृथ्वी त्यांनी भरून जात नाही. म्हणजे दरवर्षी अगणित जीव मरतात. मग काही मरतात आणि काही जगतात ते का? उत्तर समोर उभे राहिले. रोगातून तगतो तो अधिक निरोगी, शत्रूपासून सुटतो तो अधिक चपळ किंवा अधिक सावध, दुष्काळात टिकतो तो अन्न शोधण्यात पटाईत. जगलेल्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि हळूहळू जातच बदलते. कोण जगणार आणि कोण मरणार हा प्रश्न तापाने फणफणलेल्या माणसाला सुचावा, ज्याचा भाऊ अशाच एका तापाने गेला होता, यात नवल नाही.

ताप उतरताच दोन-तीन संध्याकाळी बसून त्याने निबंध लिहून काढला आणि टपालाने चार्ल्स डार्विनला पाठवला. जूनमध्ये तो इंग्लंडला पोहोचला तेव्हा डार्विन हादरला. वीस वर्षे तो ज्या सिद्धांतावर काम करत होता, तोच या कागदांवर होता. डार्विनच्या घरातही तेव्हा आजारपण होते. महिनाअखेरीस त्याचे तान्हे मूल लाल तापाने, म्हणजे स्कार्लेट फीव्हरने गेले. अशा अवस्थेत त्याने निर्णय मित्रांवर सोपवला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनचे लेखन आणि वॉलेसचा निबंध एकत्र वाचण्यात आले. वॉलेसची परवानगी घ्यायला वेळच नव्हता. नंतर कळले तेव्हा त्याने कुरकुर केली नाही. उलट डार्विनविषयीचा त्याचा आदर अखेरपर्यंत टिकला. आपल्या प्रवासाचे 'द मलाय आर्किपेलॅगो' हे पुस्तक त्याने डार्विनलाच अर्पण केले.

या शोधानंतर तरी वॉलेसने घरची वाट धरावी की नाही? पण बर्ड ऑफ पॅरडाइज या झगमगत्या पिसांच्या पक्ष्यांची ओढ त्याला पूर्वेला नेत राहिली. १८६० मध्ये त्याने गोराम बेटावर एक लहान होडी विकत घेतली आणि स्वतःच्या हाताने हत्यारे चालवून ती प्रवासाजोगी केली. ॲलन तेव्हा मिसूल बेटावर नमुने गोळा करत होता आणि शिधा घेऊन येणाऱ्या वॉलेसची वाट पाहत होता. सेराम बेटावर वॉलेसच्या होडीवरचे खलाशी एका रात्रीत पळून गेले. नवी माणसे जमवून तो निघाला, तर वारा आणि प्रवाह यांनी मिसूल चुकवले. ॲलनला पोटासाठी काम अर्धवट टाकून तांदळाच्या शोधात निघावे लागले. आणि पुढच्याच टप्प्यावर ती दोन माणसे ओसाड बेटावर राहिली.

वायगेओ बेटावरच्या मुका गावात पोहोचताच वॉलेसने पहिले काम केले ते त्या दोघांसाठी होडी धाडण्याचे. खराब हवामानामुळे ती वाटेतूनच परत आली. त्याने जास्त मजुरीचे कबूल करून तीच माणसे पुन्हा पाठवली. या वेळी ती दोघांना घेऊन आली. सुमारे महिनाभर ते त्या बेटावर होते. मुळे, झाडाचे कोवळे दांडे, शिंपल्यांतले मांस आणि कासवाची थोडी अंडी यांवर त्यांनी दिवस काढले होते. झावळ्यांची झोपडीही उभारली होती. खंगले होते, पण धड होते. आपल्याला न्यायला कोणीतरी येईल, ही त्यांची खात्री शेवटपर्यंत ढळली नव्हती.

वायगेओजवळच्या बेसिर या वस्तीत वॉलेसने सहा आठवडे मुक्काम केला. झोपडी इतकी ठेंगणी की खांबांवरच्या मजल्याखाली त्याचे टेबल मांडलेले असे आणि तिथे त्याला ताठ उभे राहता येत नसे. खायला मुख्यतः साबुदाणा. आपल्याकडे उपासाला चालतो तो टॅपिओकाच्या कंदाचा. तिथला साबुदाणा सागो नावाच्या ताडाच्या बुंध्यातून काढतात. पिष्ट भरपूर, बाकी पोषण जवळपास शून्य. अशा आहारावर अशक्तपणा आला आणि रोज न्याहारीनंतर कानशिलाजवळ दातदुखीसारखी तीव्र कळ सुरू झाली. दोन तास ती त्याला काही करू देत नसे. जवळ राखून ठेवलेल्या सूपच्या डब्यांनी त्याला थोडी ताकद आली.

लाल बर्ड ऑफ पॅरडाइज पकडण्याची तिथल्या लोकांची रीत वेगळीच होती. पक्ष्याला आवडणारे एक लाल फळ काठीला बांधायचे, त्याभोवती दोरीचा फास लावायचा आणि झाडाखाली दोरीचे टोक धरून बसायचे. कधी कधी दोन-तीन दिवस. वॉलेसने कुऱ्हाडी, सुऱ्या आणि मणी आगाऊ देऊन पक्षी ठरवले. लेखी करार नाही, साक्षीदार नाही. तरी ज्याला पक्षी मिळाला नाही, त्याने घेतलेली कुऱ्हाड परत आणून दिली. सहा पक्षी कबूल केलेला एक जण वॉलेसची होडी सुटायच्या बेतात असताना सहावा पक्षी घेऊन धावत आला आणि देणे फिटल्याच्या समाधानात परतला.

परतीचा प्रवास बारा दिवसांचा. त्याला ३८ दिवस लागले. होडी दहा वेळा प्रवाळाच्या खडकांवर चढली, चार नांगर गेले, उंदरांनी शिडे कुरतडली, मागे बांधलेली छोटी होडी हरवली. दिव्याला तेल नसल्याने रात्री होकायंत्रही दिसत नसे. पण ५ नोव्हेंबरला टर्नाटेचा ज्वालामुखी पुन्हा समोर आला, तेव्हा होडीतली माणसे आणि पक्ष्यांची जपलेली कातडी सुखरूप होती.

१८६२ मध्ये वॉलेसने सिंगापूर सोडले. अलीला त्याने पैसे, आपल्या दोन दुनळी बंदुका, दारूगोळा आणि हत्यारे देऊन निरोप दिला. सिंगापुरात त्याने दोन जिवंत बर्ड ऑफ पॅरडाइज विकत घेतले होते. ते घेऊन तो मुंबईला आठवडाभर थांबला आणि इथल्या बाजारातून पक्ष्यांसाठी केळी भरून घेतली. पक्ष्यांना झुरळेही लागत. पुढच्या आगबोटीवर ती मिळेनात, म्हणून हा विद्वान रोज रात्री तासभर खलाशांच्या कोठ्यांत झुरळे शोधत हिंडे. माल्टात एका बेकरीत भरपूर झुरळे मिळाली. बिस्किटांच्या डब्यांत ती भरून घेतली आणि पक्षी जिवंत लंडनला पोहोचले. आठ वर्षांत १४ हजार मैल प्रवास आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने, असा त्याचा एकंदर हिशेब होता.

पुढच्या आयुष्यातला एक भाग आरोग्याच्या दृष्टीने विसरून चालणार नाही. याच वॉलेसने उतारवयात देवीच्या लसीला कडाडून विरोध केला. मृत्यूचे आकडे मांडून, देवी कमी झाल्या त्या स्वच्छतेमुळे, लसीमुळे नव्हे, असा त्याचा दावा होता. सक्तीच्या लसीकरणाविरुद्धचा त्याचा राग गरिबांच्या कळवळ्यातून आलेला होता. पण निष्कर्ष चुकला होता. गटारे आणि स्वच्छ पाणी यांनी पटकी आटोक्यात येते. देवीचा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो, त्याला लसच अडवते. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली ती लसीच्याच जोरावर. एका विषयातली थोर बुद्धी दुसऱ्या विषयातही बरोबरच असेल असे नाही. तिथेही पुरावाच पाहावा लागतो.

वॉलेसच्या हाती पैसा टिकला नाही. गुंतवणुकी बुडाल्या, कायमची नोकरी कधी मिळाली नाही. १८८१ मध्ये डार्विनच्या खटपटीने त्याला वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. वारंवारचा हिवताप, उपासमार, जळते जहाज आणि भरकटणाऱ्या होड्या यांतून वाचलेला हा माणूस ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, ९० वर्षांचा होऊन, अंथरुणात शांतपणे गेला.

त्याच्या काही वर्षे आधी, १९०७ मध्ये, अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बार्बर टर्नाटेला गेले होते. तिथे एक सुरकुतलेला म्हातारा त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने आपले नाव सांगितले, अली वॉलेस. बार्बर यांनी ही भेट इंग्लंडला कळवली, तेव्हा वृद्ध वॉलेसला फार आनंद झाला. बेटाबेटांवर जिने त्याला तापातून उठवले, ती सोबत अजून हयात होती आणि त्याचेच नाव लावत होती.